मद्यपी वाहनचालक आणि उपचारांच्या पायऱ्या

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच नावाचा दाट वस्तीचा भाग आहे. विदर्भातील वाचकांना हे नाव अगदीच परके वाटू नये. बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय येथेच होते. पुढे १९५५ साली स्थापन झालेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचा कारभारही येथूनच चालू लागला, आणि २००३ पर्यंत नागपूर विभाग याच कारभाराखाली होता. रेल्वेच्या या कचेऱ्यांच्या शेजारीच कोलकाता बंदराच्या दोन मोठ्या गोद्या आहेत. १८९२ साली सुरू झालेली खिदिरपूरची गोदी ही एक, आणि पूर्वी किंग जॉर्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी नेताजी सुभाष गोदी ही दुसरी. जहाजांतून उतरलेले कंटेनर लांबलचक ट्रेलरांवर चढवून याच भागातील रस्त्यांनी बाहेर नेले जातात. त्याच रस्त्यांवरून शाळेची मुले, सायकलस्वार, हातगाडीवाले आणि पाळीवरून परतणारे कामगार ये-जा करीत असतात.

अशा ठिकाणी मालमोटारीचा चालक शुद्धीवर असणे किती निकडीचे आहे, हे साध्या गणिताने समजते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. समोर मूल धावत आले हे दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागला, तर वाहन साडेपाच मीटर अधिक पुढे गेलेले असते. अरुंद रस्त्यावर एवढे अंतर जीव वाचणे आणि जीव जाणे यांमधले अंतर ठरू शकते.

या लेखाचा विषय मात्र अपघात हा नव्हे. मद्यपान करून वाहन चालविताना एखादा चालक पकडला गेला, त्याला दंड झाला, त्याचा परवाना काही काळ निलंबित झाला, त्यानंतर काय? तो पुन्हा तसेच करणार नाही याची तजवीज कशी करावी? या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर ‘उपचारांचे स्तर’ या कल्पनेत आहे. ही कल्पना येथे क्रमाने पाहावयाची आहे.

मद्यार्काचा हिशेब

दारूतील मादक द्रव्य म्हणजे मद्यार्क. तो जठरातून व लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो आणि शरीरातील पाण्यात सर्वत्र पसरतो. मेंदूवर त्याचा पहिला परिणाम विवेकशक्तीवर होतो. हात थरथरू लागण्यापूर्वी आणि पाय अडखळण्यापूर्वीच ‘आपण अगदी ठीक आहोत’ अशी भावना माणसात उत्पन्न होते. वाहन चालविण्याच्या दृष्टीने हाच सर्वांत फसवा परिणाम होय.

एक उदाहरण घेऊ. ६० किलो वजनाच्या एका पुरुषाने साठ-साठ मिलिलिटरचे दोन पेले विदेशी पद्धतीचे मद्य घेतले. त्या मद्यात मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने सुमारे ४३ टक्के असते. म्हणजे त्याच्या पोटात सुमारे ४० ग्रॅम शुद्ध मद्यार्क गेला. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३२ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे त्याच्या रक्तातील प्रमाण दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. यकृत हा मद्यार्क आपल्याच गतीने जाळते, आणि ते प्रमाण तासाला साधारणतः १५ मिलिग्रॅमने उतरते. म्हणून १०० वरून ३० वर येण्यास साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. थंड पाण्याने स्नान केल्याने, लिंबू चोखल्याने किंवा कडक चहा-कॉफी घेतल्याने ही गती वाढत नाही.

३० हा आकडा येथे मुद्दाम घेतला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. अन्य अमली पदार्थाच्या अंमलाखाली वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ असणे, हाही याच कलमाखालील गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केलेल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. याखेरीज कलम २० प्रमाणे, दोषी ठरलेल्या चालकास न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवावयाचे असते.

रस्त्यावर ही तपासणी श्वासावरून होते. फुप्फुसांत रक्त व हवा यांचा संबंध येत असल्यामुळे उच्छ्वासातील मद्यार्कावरून रक्तातील मद्यार्काचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतील रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी १९५४ साली यासाठी सुटसुटीत यंत्र तयार केले आणि तेव्हापासून पोलिसांचे काम पुष्कळ सोपे झाले. तथापि हे यंत्र एकाच प्रश्नाचे उत्तर देते: या क्षणी या माणसाच्या शरीरात मद्यार्क किती आहे? तो का प्याला, किती वर्षे पीत आहे, आणि उद्या न पिता राहू शकेल काय, यांविषयी ते काहीच सांगत नाही.

एक आकडा, तीन माणसे

गार्डन रीच परिसरातील एका रस्त्यावर एकाच रात्री तीन चालक पकडले गेले, आणि तिघांच्याही बाबतीत यंत्राने ९० हाच आकडा दाखविला, अशी कल्पना करावी.

पहिला चोवीस वर्षांचा आहे. तो सणासमारंभाला क्वचित पितो. त्या रात्री मित्राच्या घरी लग्न होते. एरवी तो दारूला शिवत नाही.

दुसरा पस्तिशीचा आहे. प्रत्येक फेरी संपली की तो पितो. गोदीच्या फाटकाबाहेर रांगेत तासन्‌तास थांबावे लागले तरीही पितो. याच कारणासाठी त्याला पूर्वी एकदा दंड झालेला आहे. घरी पैशांवरून कटकटी होतात. ‘आता कमी करीन’ असे तो अनेकदा म्हणाला आहे.

तिसरा अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. सकाळी उठताच घोटभर घेतल्याशिवाय त्याच्या हातांचे कंप थांबत नाहीत. नव्वदाच्या आकड्यावरही तो सरळ चालतो व स्पष्ट बोलतो. पाहणारास वाटावे की तिघांत हाच अधिक शुद्धीवर आहे. वस्तुतः वर्षानुवर्षांच्या पिण्याने त्याचे शरीर मद्यार्काला सरावले आहे. एवढे प्रमाण असूनही लक्षणे न दिसणे, हेच त्याच्या आजाराचे लक्षण आहे.

कायद्याच्या दृष्टीने त्या रात्रीचा गुन्हा तिघांचा सारखाच. परंतु तिघांनाही एकच उपाय लागू करणे म्हणजे पडसे, न्यूमोनिया आणि क्षय या तिन्ही रोग्यांना खोकल्याचे एकच औषध देण्यासारखे होईल. उपचाराची पायरी गुन्ह्यावरून ठरत नाही. ती माणसाच्या स्थितीवरून ठरते.

स्थितीचे मापन

ही स्थिती जाणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. ‘ऑडिट’ या नावाने ती ओळखली जाते. किती वेळा पिता, एका बैठकीत किती घेता, सुरू केल्यावर थांबता येते काय, सकाळी घ्यावी लागते काय, पिण्यामुळे कोणाला इजा झाली आहे काय, असे ते प्रश्न आहेत. उत्तरांचे गुण ० ते ४० पर्यंत होतात. ८ पेक्षा कमी गुण असल्यास माहिती देणे पुरेसे मानतात. ८ ते १५ असल्यास साधा सल्ला, १६ ते १९ असल्यास थोडक्यात समुपदेशन व त्यानंतर देखरेख, आणि २० किंवा अधिक असल्यास तज्ज्ञाकडे पाठवणी, असा संकेत आहे.

पकडलेला माणूस आपले पिणे कमी करून सांगणार, हे उघड आहे. म्हणून केवळ त्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. घरच्या माणसांशी बोलणे, पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद पाहणे आणि यकृतावरील परिणाम दाखविणाऱ्या रक्ततपासण्या करणे, यांची जोड द्यावी लागते. शारीरिक आजार, मनाची स्थिती, दारू तोडल्यास उद्भवणारा धोका, घरचे व कामाचे वातावरण, पुन्हा पिण्याचा संभव या साऱ्या बाजू तपासून मगच पायरी ठरविली जाते. अमेरिकेतील व्यसनवैद्यकाच्या संस्थेने १९९१ साली या पायऱ्यांची शिस्तशीर मांडणी प्रथम प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या, तरी मूळ विचार कायम आहे.

पायऱ्या कोणत्या?

आरंभीची पायरी अल्प हस्तक्षेपाची. प्रशिक्षित कार्यकर्ता किंवा वैद्य चालकाशी पाच ते पंधरा मिनिटे बोलतो. तो धाक घालीत नाही. चाचणीचा निष्कर्ष समोर ठेवतो, धोका समजावितो, आणि ‘यापुढे काय करावयाचे?’ याचा निर्णय चालकाच्याच तोंडून वदवितो. त्यास मद्यार्क व वाहन चालविणे यांविषयीच्या काही तासांच्या वर्गाची जोड देता येते. आपल्या उदाहरणातील पहिल्या चालकाला बहुधा एवढे पुरेल.

दुसरी पायरी बाह्यरुग्ण उपचारांची. रोगी घरीच राहतो, कामही करू शकतो, आणि ठरलेल्या दिवशी समुपदेशनासाठी येतो. कोणत्या प्रसंगी पिण्याची इच्छा होते हे त्याने ओळखावे आणि तो प्रसंग टाळण्याचे वा निभावण्याचे मार्ग शिकावे, हा येथील मुख्य अभ्यास. गरज पडल्यास वैद्य औषधेही देतात. नालट्रेक्सोन व अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे पिण्याची ओढ कमी करण्यास किंवा मद्यविरहित राहण्यास साह्य करतात. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास त्याला तीव्र त्रास होतो. म्हणून ते रोग्याला पूर्ण कल्पना देऊनच, वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते.

तिसरी पायरी सधन बाह्यरुग्ण उपचारांची. येथे आठवड्याला निदान नऊ तास उपचार होतात. दिवसभराच्या केंद्रात ते वीस तासांच्या वर जातात. रात्री मात्र रोगी घरीच असतो. आपल्या दुसऱ्या चालकाला दुसऱ्या पायरीपासून आरंभ करून, ती अपुरी पडल्यास या पायरीवर आणता येईल.

चौथी पायरी निवासी उपचारांची. ज्याचे घर, मित्र व काम यांपैकी सर्वच त्याला पिण्याकडे ओढतात, त्याला काही आठवडे त्या वातावरणातून बाहेर काढावे लागते. महाराष्ट्रातील वाचकांना पुण्याचे मुक्तांगण ठाऊक असेलच. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्राने निवासी उपचारांत दिनक्रम, गटचर्चा आणि कुटुंबाचा सहभाग यांना महत्त्व दिले.

पाचवी पायरी रुग्णालयातील उपचारांची. आपल्या तिसऱ्या चालकाचा प्रवास येथून सुरू व्हावयास हवा, आणि याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. ज्याचे शरीर मद्यार्काला पूर्णपणे सरावले आहे, त्याची दारू एकाएकी तोडली तर काही तासांतच कंप, घाम व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भास, भ्रम व तीव्र ज्वर यांनी युक्त अशी अवस्था येऊ शकते. वैद्यक तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणते. उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. योग्य औषधे आणि थायमिन नावाचे जीवनसत्त्व देऊन हा धोका टाळता येतो. अशा माणसाला कोठडीत किंवा घरी कोंडून ‘दारू सोडवू’ पाहणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय.

या पायऱ्या चढण्याच्या असतात तशाच उतरण्याच्याही असतात. रुग्णालयातून निवासी केंद्रात, तेथून बाह्यरुग्ण विभागात आणि पुढे दीर्घकाळ देखरेखीत, असा उतार नियोजित असावा लागतो. रुग्णालयातून सुटल्यावर पुढील पायरी नसेल, तर केलेले बरेचसे काम वाया जाते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि पुढे भारतातही पसरलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या विनामूल्य सभांचा या टप्प्यावर अनेकांना आधार मिळतो.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मद्यपी चालकाचे मूल्यमापन करून त्याला धोक्याच्या चार वर्गांपैकी एकात घातले जाते. सर्वांत कमी धोक्याच्या वर्गाला १० तासांचे शिक्षण, मध्यम वर्गाला त्याखेरीज १२ तासांचा प्रारंभिक हस्तक्षेप, लक्षणीय धोक्याच्या वर्गाला १० तासांच्या शिक्षणासह किमान २० तासांचे उपचार, आणि सर्वाधिक धोक्याच्या वर्गाला किमान ७५ तासांचे उपचार व त्यानंतरची देखरेख, अशी तेथील विभागणी आहे. जर्मनीत रक्तातील प्रमाण १६० मिलिग्रॅमवर गेलेल्या चालकाला परवाना परत मिळविण्यापूर्वी वैद्यकीय व मानसशास्त्रीय परीक्षेतून जावे लागते.

याचा उपयोग किती होतो? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २१५ मूल्यमापनांचा एकत्रित विचार करण्यात आला. उपाययोजना झालेल्या चालकांत गुन्ह्याची पुनरावृत्ती सरासरीने ८ ते ९ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा चमत्काराचा नव्हे. परंतु त्याच अभ्यासात शिक्षण, समुपदेशन आणि त्यानंतरची देखरेख ही तिन्ही एकत्र केली असता परिणाम अधिक चांगला दिसला. केवळ व्याख्यान पुरत नाही; पाठपुरावाही लागतो. तसेच उपचार मिळतात म्हणून परवान्याचे निलंबन सोडून द्यावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. निलंबनामुळे धोका तत्काळ रस्त्यावरून दूर होतो, आणि उपचारांमुळे तो परत येण्याचा संभव घटतो. दोहोंची कामे वेगळी आहेत.

रूळ आणि रस्ता

आता पुन्हा गार्डन रीचकडे वळू. तेथे मुख्यालय असलेल्या रेल्वेत, देशातील अन्य रेल्वेंप्रमाणेच, गाडी चालविणारे कर्मचारी कामावर रुजू होताना आणि काम संपविताना श्वासपरीक्षा देतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७२ प्रमाणे कामावर असताना नशेत असणे हा दंडनीय गुन्हा आहे, आणि त्यामुळे प्रवाशांच्या सुरक्षिततेस धोका पोहोचण्याचा संभव असल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या चालकामागे नियमित वैद्यकीय तपासणी आहे, नोंदवही आहे आणि गार्डन रीचमध्येच रेल्वेचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. त्याचा दोष गाडी हलण्यापूर्वी उघडकीस येऊ शकतो.

त्याच परिसरातून निघणाऱ्या ट्रेलरच्या चालकामागे बहुधा यांपैकी काहीच नसते. फेरीमागे मजुरी मिळविणाऱ्या माणसाचा परवाना सहा महिने गेला, तर घरातील चूल विझण्याची वेळ येते. ‘उपचारासाठी आलो तर काम जाईल’ या भीतीने तो आजार लपवितो. लपविलेला आजार बळावतो, आणि पुढचा प्रसंग कदाचित श्वासपरीक्षेचा नसून अपघाताचा असतो. म्हणून चालकाच्या पोटाचा प्रश्न आणि पादचाऱ्याच्या प्राणाचा प्रश्न हे एकमेकांविरुद्धचे नाहीत. दोहोंचे उत्तर वेळेवर झालेल्या उपचारात आहे.

कलम १८५ मध्ये उपचारांचा उल्लेख नाही. तथापि भारतीय कायद्यात वाट अगदीच बंद आहे असे नव्हे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली देखरेखीवर सोडलेल्या माणसास मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट न्यायालय घालू शकते. अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या अधिनियमात काही प्रकरणी व्यसनी अपराध्याला उपचारासाठी सोडण्याची स्पष्ट तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना आपल्या कक्षेत घेतले असून, रोग्याला साखळदंडाने बांधण्यास सक्त मनाई केली आहे. कायद्याच्या बडग्याने आलेल्या रोग्याशीही माणुसकीनेच वागले पाहिजे, हा त्यातील बोध.

उणीव आहे ती उपचार व गरजू यांची गाठ पडण्यात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्यपानाच्या त्रासासाठी साह्याची गरज होती. मद्याच्या आहारी पूर्णपणे गेलेल्या सुमारे ३८ जणांपैकी केवळ एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. कोलकात्यात मनोविकारांचे शासकीय शिक्षण-रुग्णालय आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्र शासनाच्या साह्याने चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शनही मिळते. पोलीस चौकी, न्यायालय आणि वाहनाचा मालक यांपैकी कोणीतरी चालकाला त्या दारापर्यंत पोहोचविले पाहिजे.

श्वासपरीक्षेत सापडलेला चालक हा अपघात होण्यापूर्वी सापडलेला चालक आहे. त्या रात्रीचा आकडा लिहून घेऊन पावती फाडली की शासनाचे काम संपते, असे मानले, तर ही संधी हातची गेली म्हणून समजावे. त्याच रात्री, किंवा निदान त्याच आठवड्यात, दहा प्रश्न विचारले गेले आणि योग्य पायरी दाखविली गेली, तर तीन चालकांपैकी तिसराही पुढे केव्हातरी सकाळी स्थिर हातांनी चहाचा पेला उचलू शकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण १२० मिलिग्रॅमवरून ३० मिलिग्रॅमवर येण्यास साधारणतः किती तास लागतील?

२. अधिक मद्यार्क असूनही सरळ चालणारा माणूस कमी पिणारा आहे, असे का म्हणता येत नाही?

३. दारूला पूर्णपणे सरावलेल्या माणसाची दारू घरच्या घरी एकाएकी तोडणे धोक्याचे का आहे?

४. परवान्याचे निलंबन आणि उपचार यांची कार्ये कशी भिन्न आहेत, ते आपल्या गावातील एखाद्या रहदारीच्या रस्त्याचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.